संदर्भगणना आणि शास्त्रीय नियतकालिकांचे मोल : तंत्रिकाविकृतिशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या आधारे विवेचन

एखाद्या संशोधनलेखाची योग्यता त्यातील विचाराने ठरवावयाची, की तो ज्या नियतकालिकात छापून आला त्याच्या नावापुढील अंकाने, हा प्रश्न पूर्वी विज्ञानशाखांपुरता मर्यादित होता. आता तो भाषा आणि समाजशास्त्रे यांच्या विभागांतही येऊन पोहोचला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधांना द्यावयाचे गुण नियतकालिकाच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च्या चढत्या टप्प्यांनुसार वाढविण्यात आले. तेव्हापासून पदव्युत्तर विद्यार्थी विषय निवडण्यापूर्वीच नियतकालिकाचा अंक विचारू लागले, तर त्यात नवल नाही. परंतु हा अंक कसा काढतात, तो काय मोजतो आणि काय मोजू शकत नाही, याची स्पष्ट कल्पना फारच थोड्यांना असते. ती करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनासाठी भाषाशास्त्राबाहेरचे एक क्षेत्र मुद्दाम निवडले आहे. स्वतःच्या क्षेत्रातील नियतकालिकाविषयी आपले रागलोभ असतात; परक्या क्षेत्राकडे पाहताना दृष्टी अधिक निर्मळ राहते. हे क्षेत्र म्हणजे मेंदू, मज्जारज्जू, नसा व स्नायू यांच्या रोगांत ऊतींमध्ये कोणते बदल घडतात याचा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अभ्यास करणारे शास्त्र. व्यवहारात आपण ‘मज्जातंतू’ म्हणतो. मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका’ हा शब्द स्वीकारला आहे. त्याला अनुसरून येथे ‘तंत्रिकाविकृतिशास्त्र’ ही संज्ञा वापरली आहे. ‘सायटेशन’ला ‘संदर्भनिर्देश’ आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ला ‘प्रभावांक’ असे म्हटले आहे.

संदर्भगणनेचा उगम

संदर्भनिर्देश मोजण्याची कल्पना ग्रंथालयाच्या गरजेतून निघाली. १९२७ साली ग्रॉस व ग्रॉस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरविण्यासाठी एका प्रमुख नियतकालिकातील तळटीपांची मोजदाद केली. आपल्याकडे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ साली ग्रंथालयीन व्यवहारास गणिती पद्धती लावावी असे सुचवून तिला ‘लायब्रामेट्री’ असे नाव दिले. मात्र या कल्पनेला संस्थात्मक रूप दिले ते युजीन गारफील्ड यांनी. अमेरिकेत न्यायालयीन निकालांचा पुढील निकालांत कोठे आधार घेतला गेला, हे दाखविणारी ‘शेपर्ड्‌स सायटेशन्स’ ही सूची १८७३ पासून वकिलांच्या उपयोगात होती. तिच्या धर्तीवर शास्त्रीय लेखांची सूची करावी, असे गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये लिहिले आणि १९६० च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध होऊ लागला.

आपल्या शाखेच्या वाचकांनी येथे एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. गारफील्ड यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १९६१ साली मिळविलेली डॉक्टरेट ही संरचनात्मक भाषाशास्त्रातील होती, आणि तिचा विषय रासायनिक नावांचे रेणुसूत्रांत रूपांतर करण्याची पद्धती हा होता. लेखाचा विषय सूचीकाराने दिलेल्या शीर्षकशब्दापेक्षा त्या लेखाने घेतलेल्या आधारांवरून अधिक नेमका कळतो, या त्यांच्या भूमिकेच्या मुळाशी भाषिक विचारच होता. शब्दांचे अर्थ कालौघात बदलतात, नव्या संज्ञा जुन्यांना मागे सारतात. परंतु ‘अमुक लेख पाहा’ हा निर्देश स्थिर राहतो. सूचीचा मूळ उपयोग शोध घेणे हा होता. मूल्यमापन हा तिचा नंतर जडलेला धर्म होय.

प्रभावांक कसा काढतात

१९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्‌स’ हा अहवाल प्रसिद्ध होऊ लागला आणि त्यातून प्रभावांक सर्वतोमुखी झाला. त्याचे गणित सोपे आहे. समजा, एका नियतकालिकात २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत मिळून २०० लेख छापले गेले. सूचीत समाविष्ट असलेल्या सर्व नियतकालिकांतून २०२३ साली या दोन वर्षांतील मजकुराचा एकंदर ६०० वेळा निर्देश झाला. ६०० ला २०० ने भागले असता २०२३ चा प्रभावांक ३ येतो.

या साध्या भागाकारात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, हा अंक सरासरी आहे. वरील उदाहरणात ६०० पैकी ४०० निर्देश एकाच लेखाचे असतील, तर उरलेल्या १९९ लेखांच्या वाट्याला सरासरीने जेमतेम एकेक निर्देश येतो. असे असूनही प्रत्येक लेखक आपला लेख ‘तीन’ अंकाच्या नियतकालिकात आल्याचे सांगतो. दुसरी, फक्त मागील दोन वर्षांचाच मजकूर विचारात घेतला जातो. तिसरी, अंशस्थानी सर्व मजकुराचे निर्देश धरले जातात, तर छेदस्थानी संशोधनलेख व समीक्षालेख एवढेच मोजले जातात. त्यामुळे संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेले निर्देश अंक वाढवितात. मात्र छेद वाढवीत नाहीत.

‘आक्टा न्यूरोपॅथॉलॉजिका’

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. तंत्रिकाविकृतिशास्त्राची प्रमुख नियतकालिके मोजकीच आहेत. अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ न्यूरोपॅथॉलॉजी अँड एक्स्पेरिमेंटल न्यूरॉलॉजी’ १९४२ साली निघाले. युरोपात फ्रान्झ झाइटेलबर्गर यांच्या पुढाकाराने ‘आक्टा न्यूरोपॅथॉलॉजिका’ १९६१ साली स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध होऊ लागले. ‘आक्टा’ हे लॅटिनमधील नपुंसकलिंगी अनेकवचन. त्याचा अर्थ ‘कृत्ये, कार्यवृत्ते’. नाव लॅटिन ठेवण्याची प्रथा युरोपात जुनी आहे; त्यामुळे नियतकालिक कोणा एका राष्ट्राचे वाटत नाही. या शास्त्राची परंपरा बव्हंशी जर्मन होती. आलोइस आल्झायमर यांनी आपल्या प्रसिद्ध रुग्णाची हकीगत १९०६ साली ट्युबिंगेन येथे सांगितली व १९०७ साली छापली, तीही जर्मनमध्येच. ‘आक्टा’च्या आरंभीच्या खंडांत इंग्रजीबरोबर जर्मन लेखही आढळतात, पुढे ते पूर्णतः इंग्रजी झाले. संशोधनाची भाषा बदलली की जुन्या भाषेतील लेखांचे निर्देश हळूहळू आटतात, ही गोष्ट या प्रवासात स्पष्ट दिसते.

संशोधनाच्या दिशाही बदलत गेल्या. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आल्यामुळे पेशींच्या अंतर्रचनेची वर्णने प्रामुख्याने होऊ लागली. त्यानंतर प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याचे तंत्र आले. १९९० नंतर मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांत कोणते प्रथिन साचते, हा प्रश्न केंद्रस्थानी आला. आल्झायमरच्या रोगात टाऊ व अमायलॉइड, पार्किन्सनच्या रोगात आल्फा-सिन्युक्लीन, आणि स्नायूंची शक्ती हरपविणाऱ्या काही रोगांत टीडीपी-४३, अशी मांडणी क्रमाने झाली. मात्र आल्फा-सिन्युक्लीनचा शोध १९९७ साली ‘नेचर’मध्ये आणि टीडीपी-४३ चा २००६ साली ‘सायन्स’मध्ये, म्हणजे सर्वसाधारण विज्ञान-नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. विशेष शास्त्राच्या नियतकालिकाकडे मुख्यतः पडताळा, वर्गीकरण व प्रमाणीकरण यांचे काम आले.

याच कामातून ‘आक्टा’ला सर्वाधिक निर्देश मिळाले, ही लक्षणीय गोष्ट आहे. हाइको व एफा ब्राक यांनी १९९१ साली या नियतकालिकात एक लेख लिहिला. शवविच्छेदनातून मिळालेल्या ८३ मेंदूंचे परीक्षण करून त्यांनी आल्झायमरच्या विकृतीचा मेंदूतील प्रसार सहा अवस्थांत विभागला. या लेखाचे निर्देश आज दहा हजारांच्या वर गेले आहेत. त्याचे कारण असे की, त्यानंतर मेंदूतील विकृतीची पायरी सांगू पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्राक अवस्था’ हे माप वापरावे लागले. मोजपट्टी देणारा लेख हा सर्वांच्या वाटेवरील धर्मशाळेसारखा असतो. तेथे प्रत्येक जण थांबतो.

मेंदूतील गाठींचे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण हे दुसरे उदाहरण. २००७ च्या आवृत्तीचा सारांश ‘आक्टा’त आला, २०१६ च्या आवृत्तीचाही तेथेच आला. २०१६ च्या वर्गीकरणात सूक्ष्मदर्शकातील रूपाला प्रथमच जनुकीय लक्षणांची जोड दिली गेली, म्हणून गाठींविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याचा निर्देश केला. आता प्रभावांकाची दोन वर्षांची चौकट आठवा. २०१६ चा लेख २०१७ व २०१८ च्या गणनेत येतो आणि २०१९ च्या गणनेतून बाहेर पडतो. ‘आक्टा’चा प्रभावांक २०१८ साली १८ च्या वर होता, २०१९ साली तो १४ च्या घरात आला. या उतारास इतर कारणेही असतील; परंतु त्या एका वर्षात नियतकालिकाचे संपादन, परीक्षण वा लेखकवर्ग एकाएकी निकृष्ट झाला, असे कोणी म्हणणार नाही. म्हणजे ज्या लेखकाचा लेख २०१७ साली आला त्याला पहिल्या अंकाचे श्रेय मिळावे आणि ज्याचा २०१८ साली आला त्याला दुसऱ्याचे, या भेदास लेखाच्या गुणाचा कोणताही आधार उरत नाही.

निर्देश नाहीसा कसा होतो

निर्देशांची संख्या ही प्रभावाची नेहमीच खूण असते असेही नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे की, एखादा विचार सर्वमान्य झाला की त्याच्या मूळ लेखाचा निर्देश करणे लोक सोडून देतात. आल्झायमर यांचे नाव आज खेड्यापाड्यांतील कुटुंबांतही उच्चारले जाते. पण त्यांच्या १९०७ च्या लेखाचा निर्देश किती जण करतात? व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर विशेषनामाचे सामान्यनाम झाले की तळटीप गळून पडते. प्रभावाचा कळस आणि निर्देशाचा लोप या दोन गोष्टी अशा वेळी एकत्र नांदतात.

याच्या उलट, धीम्या गतीने परंतु दीर्घकाळ चालणारा प्रभावही असतो. त्याचे उदाहरण मुंबईतच आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तंत्रिकाविकृतिशास्त्र विभागात काम करणारे डॉ. दाराब दस्तूर आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. पु. मो. उदानी यांनी क्षयग्रस्त बालकांच्या मेंदूंचा अभ्यास केला. मस्तिष्कावरणाचा दाह नसताना वा अल्प असतानाही मेंदूच्या श्वेतद्रव्यात सूज व विकृती आढळतात, असे त्यांनी दाखविले. हा लेख १९६६ साली याच ‘आक्टा न्यूरोपॅथॉलॉजिका’त प्रसिद्ध झाला. त्या वेळी प्रभावांकाचा अहवाल प्रसिद्ध होत नव्हता. क्षयजन्य मेंदूविकाराविषयीच्या लेखनात या लेखाचा आधार पुढे कित्येक दशके घेतला गेला. परंतु असा दशकांनंतरचा एकही निर्देश दोन वर्षांच्या चौकटीत कधी मोजला जात नाही. क्षय हा ज्या देशांचा रोग आहे तेथील संशोधक संख्येने थोडे, त्यांची नियतकालिके सूचीत कमी, म्हणून अशा लेखाचे निर्देशही आल्झायमरविषयक लेखांच्या तुलनेने कमीच राहावयाचे. रोग्यांची संख्या आणि निर्देशांची संख्या यांचे प्रमाण जुळत नाही, ते यामुळेच.

लाखोळीचे उदाहरण

हीच गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या अगदी निकट आहे. गोंदिया व भंडारा या भातपट्ट्यात, धान कापणीला येण्यापूर्वी उभ्या पिकातच ओलीवर बी फेकून घेतल्या जाणाऱ्या उतेऱ्याच्या पिकांत लाखोळीला जुने स्थान आहे. अवर्षणातही तग धरणारे हे पीक दुष्काळात गरिबाचे अन्न होते. पण दीर्घकाळ मुख्यतः त्यावरच निर्वाह केला असता पायांत ताठरता येऊन कायमचे पंगुत्व येते. स्लीमन यांनी सागर भागातील १८३० च्या सुमाराच्या दुष्काळानंतर असे पंगू झालेले लोक पाहून त्याचे वर्णन केले होते. डॉ. दस्तूर यांनी या रोगावर १९५९ साली, आणि पुन्हा १९६२ साली ‘वर्ल्ड न्यूरॉलॉजी’ या लवकरच बंद पडलेल्या नियतकालिकात लेख लिहिले. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा यांनी, आणि त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील अभ्यासकांनीही, या बियांतील विषारी अमिनो आम्ल वेगळे करून ओळखले. १९६१ साली केंद्रीय नियमांनी लाखोळीच्या विक्रीवर निर्बंध घातला होता. पुढे कमी विषाचे ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवरा’ हे वाण निघाले व निर्बंधाचा फेरविचार करावा की नाही यावर वाद झाला. म्हणजे या संशोधनाचा परिणाम कायद्यावर, बियाण्यावर आणि लोकांच्या ताटावर झाला. प्रभावांकाच्या तक्त्यात या परिणामास स्तंभ नाही.

भाषेच्या अभ्यासकालाही येथे काम आहे. हे धान्य कोठे लाख, कोठे लाखोळी वा लाखोरी, छत्तीसगडकडे तिवरा, उत्तरेत खेसारी अशा नावांनी ओळखले जाते. ‘लाख’ हा शब्द संख्येचा आणि झाडावरील राळेचाही वाचक आहे. रुग्णाच्या आहाराची चौकशी करणाऱ्या वैद्याला वा वाणांची नोंद घेणाऱ्या कृषितज्ज्ञाला गावागावाचा नेमका शब्द ठाऊक नसेल, तर त्याची नोंदच चुकते. झाडीबोलीतील पिके, व्याधी व खाद्यपदार्थ यांच्या शब्दांचा चोख संग्रह अशा वेळी उपयोगी पडेल; पण उपयोग करणारा वैद्य त्याचा निर्देश सूचीतील नियतकालिकात करील, ही शक्यता अल्प आहे.

मराठी संशोधनाची स्थिती

मराठीतील संशोधनाला प्रभावांक लावू पाहणे किती विसंगत आहे, हे यावरून समजेल. एक तर आपले निर्देश बहुतांशी ग्रंथांचे असतात, नियतकालिकांचे नव्हे. दुसरे असे की, आपल्या शास्त्रातील ग्रंथांचे आयुष्य दीर्घ असते. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ चा. या दोहोंचा आधार आजही घेतला जातो. दोन वर्षांच्या चौकटीत असे ग्रंथ जन्मास येताच मृत ठरतात. तिसरे, मराठी नियतकालिके आंतरराष्ट्रीय सूचीत जवळजवळ नाहीतच. म्हणून एका मराठी लेखाने दुसऱ्याचा कितीही आधार घेतला, तरी तो निर्देश मोजणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही.

तथापि गणनेपासून शिकण्यासारखे काहीच नाही, असे म्हणणे एकांगी होईल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने २००१ साली आपले सर्व लेख संगणकजालावर विनामूल्य खुले केले. साहू, गोगटे व बावडेकर यांनी २००५ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की, त्यानंतर लेखांना निर्देश अधिक व लवकर मिळू लागले. लेख तेच, परीक्षण तेच. फरक पडला तो केवळ वाचकाच्या हाती लेख पोहोचण्यात. मराठी संशोधनपत्रिकांचे जुने खंड कपाटात बंद राहिले, तर त्यांचा निर्देश होत नाही याचा दोष वाचकाला देता येणार नाही.

अंकाच्या लोभाचे दुष्परिणामही दृष्टीआड करता येत नाहीत. गुणांसाठी प्रकाशन सक्तीचे झाले, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका उदयास आल्या आणि त्यांनी बनावट प्रभावांकही छापण्यास प्रारंभ केला. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये, विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत आलेल्या पत्रिकांचे परीक्षण प्रसिद्ध केले. तपासलेल्या १००९ पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकषांस उतरल्या नाहीत. त्यानंतर ‘केअर’ यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून पत्रिका पारखण्याची जबाबदारी उच्च शिक्षणसंस्थांकडे सोपविली. म्हणजे आता पारख आपणच करावयाची आहे.

पारख कशी करावी

ही पारख अवघड नाही. ती कष्टाची मात्र आहे. पत्रिकेचे दोन-तीन अंक प्रत्यक्ष वाचावेत. संपादक मंडळातील व्यक्तींचे स्वतःचे लेखन काय आहे ते पाहावे. लेख स्वीकारण्यास किती काळ लागतो व परीक्षक कोणते आक्षेप घेतात, याची माहिती पूर्वीच्या लेखकांकडून घ्यावी. प्रभावांक दिलेला असल्यास तो कोणत्या सूचीतून घेतला आहे हे तपासावे, आणि त्याची तुलना त्याच शास्त्रातील पत्रिकांशीच करावी. तंत्रिकाविकृतिशास्त्राचा अंक भाषाशास्त्राच्या अंकापुढे ठेवणे म्हणजे शेराने कापड मोजण्यासारखे आहे. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने व २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने हेच सांगितले आहे : नियतकालिकाचा अंक व्यक्तीच्या कामाला लावू नये, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे.

याखेरीज एक काम विभागाला स्वतःच्या बळावर करता येईल. आपल्या परिसरातील महाविद्यालयांतून सादर झालेल्या मराठी प्रबंधांच्या संदर्भसूची एकत्र करून कोणत्या ग्रंथाचा, कोणत्या लेखाचा, कोणत्या कोशाचा आधार किती वेळा व कशासाठी घेतला गेला, याची नोंदवही तयार करावी. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने दहा प्रबंधांची नोंद केली, तरी काही वर्षांत मराठीतील पहिल्या संदर्भनिर्देश-सूचीचा एक कोपरा सिद्ध होईल. गारफील्ड यांनी सूची कल्पिली ती शोधासाठी. आपणही ती शोधासाठीच करावी. गुणवाटपाचा मोह झाला, तर ‘आक्टा’चे १८ आणि १४ हे दोन अंक शेजारी मांडून पाहावेत.